डॉर्सेटची पलटण: शिंद्यांच्या तोफांपासून कूतच्या वेढ्यापर्यंत

घाटमाथा

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून एक ब्रिगेड निघाली. सहाव्या पूना डिव्हिजनची ही सोळावी ब्रिगेड. तिच्यात चार पलटणी होत्या: ११७ वी मराठा, १०४ वी वेलस्ली रायफल्स, २० वी पंजाबी आणि पुण्याच्या छावणीतून आलेली डॉर्सेटशायर रेजिमेंटची दुसरी बटालियन. तीन आठवड्यांनी, ६ नोव्हेंबरला, या ब्रिगेडचे सैनिक इराकच्या दक्षिण टोकाला फाओला उतरले. मेसोपोटेमियाची मोहीम तिथून सुरू झाली.

आपल्याकडे ११७ व्या मराठा पलटणीबद्दल थोडंफार लिहिलं गेलं आहे. तिच्या शेजारच्या खंदकात जी गोरी पलटण होती, तिच्याबद्दल मराठीत मला जवळजवळ काहीच सापडलं नाही. म्हणून हा धागा. डॉर्सेट ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा. शेती, मेंढ्या आणि लहान लहान गावांचा मुलूख. या जिल्ह्याच्या नावाची पलटण आपल्या इतिहासात पुन्हा पुन्हा येते, कधी आपल्यासमोर उभी राहून, तर कधी आपल्या शेजारी.

आधी नावाचं बघू, कारण गंमत तिथेच आहे. ही रेजिमेंट १८८१ साली दोन जुन्या पलटणी जोडून झाली: ३९ वी आणि ५४ वी. त्याआधी इंग्रजी पायदळाच्या पलटणी क्रमांकाने ओळखल्या जायच्या, आणि त्याही आधी कर्नलच्या नावाने. ३९ वी पलटण उभी राहिली १७०२ मध्ये, तीही डॉर्सेटमध्ये नाही, आयर्लंडमध्ये. १७८२ साली सरकारने पलटणींना काउंट्यांची नावं वाटली, तेव्हा तिच्या वाट्याला 'पूर्व मिडलसेक्स' आलं. डॉर्सेटचं नाव लागलं ते १८०७ मध्ये. ५४ व्या पलटणीचं आणखी वेगळं. ती होती 'पश्चिम नॉरफॉक'ची, म्हणजे इंग्लंडच्या पार दुसऱ्या अंगाची! तिचा डॉर्सेटशी संबंध आला तो थेट १८८१ मध्ये. लंडनच्या कचेरीत कोणीतरी यादी केली आणि त्या यादीने या पलटणीला जिल्हा मिळाला. डॉर्चेस्टर गावात तिचा डेपो झाला. किल्ल्यासारखं दिसणारं त्याचं प्रवेशद्वार आजही उभं आहे. त्याला 'द कीप' म्हणतात आणि आत रेजिमेंटचं संग्रहालय आहे.

मला या इतिहासात सर्वांत जास्त काय भिडतं, तर हे: नाव कागदावर आधी आलं आणि नातं नंतर जुळलं. गावोगावची मुलं एकाच पलटणीत जाऊ लागली, एकाच दिवशी मारली जाऊ लागली, आणि मग त्या जिल्ह्याला कळलं की ही आपली पलटण आहे.

आता हिंदुस्थान. या रेजिमेंटच्या ब्रीदवाक्यांपैकी एक लॅटिनमध्ये आहे, 'प्रिमस इन इंडिस', म्हणजे हिंदुस्थानात पहिली. १७५४ साली ३९ वी पलटण जहाजांतून मद्रासला आली. कंपनीचं स्वतःचं सैन्य इथे होतंच, पण इंग्लंडच्या राजाच्या फौजेतली इथे आलेली ही पहिली पलटण. कर्नल जॉन ॲडलरक्रॉन तिचा प्रमुख. त्याचं आणि कंपनीच्या लोकांचं अजिबात पटत नव्हतं. बंगालच्या मोहिमेचं नेतृत्व त्याला मिळालं नाही, ते क्लाइव्हकडे गेलं आणि ३९ व्या पलटणीच्या काही तुकड्याच तेवढ्या बंगालला गेल्या. २३ जून १७५७ रोजी प्लासीला त्या हजर होत्या. लढाईच्या दोन दिवस आधी युद्धमंडळ बसलं. क्लाइव्हसकट बहुतेकांचं मत थांबावं असं पडलं, आणि ताबडतोब चालून जाऊ असं ज्यांनी सांगितलं त्यांच्यात याच पलटणीचा एक कॅप्टन होता, आयर कूट. पुढे हैदर अलीला पोर्टो नोव्होला हरवणारा तोच हा कूट. प्लासीबद्दल माझं मत सरळ आहे: ती लढाईपेक्षा सौदा जास्त होती. मीर जाफर बाजूला उभा राहिला आणि कंपनीचे वीस-बावीस लोक मेले. एवढ्या किमतीत बंगाल गेला. रेजिमेंटच्या निशाणावर मात्र 'प्लासी' हा शब्द मानाने कोरला गेला.

जिब्राल्टरचं थोडक्यात सांगतो. १७७९ ते १७८३ असा स्पेन आणि फ्रान्सने जिब्राल्टरला वेढा घातला होता. ३९ वी पलटण तिथे आत होती. म्हणून तिच्या बिल्ल्यावर किल्ला आणि किल्ली आली.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचं पान आहे ते २९ डिसेंबर १८४३ चं. ग्वाल्हेर. जनकोजीराव शिंदे त्या वर्षी फेब्रुवारीत वारले. त्यांच्या पत्नी ताराबाईंनी लहानग्या जयाजीरावांना दत्तक घेतलं. दरबारात मामासाहेब आणि दादा खासगीवाले यांच्यात ओढाताण सुरू झाली, आणि गव्हर्नर जनरल एलेनबरोने ती संधी साधून चंबळेपलीकडे फौज नेली. सरसेनापती सर ह्यू गफ. शिंद्यांची फौज पुढे कुठेतरी असेल या समजुतीने इंग्रज सकाळी चालत होते, आणि महाराजपूर गावातून एकाएकी तोफा सुरू झाल्या. त्या गावावर समोरून चालून जायचं काम ज्यांच्याकडे आलं त्यात ३९ वी पलटण आणि ५६ वी बंगाल पलटण होती. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीच मेले, पण हटले नाहीत. हे इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून ८०० च्या घरात गेले. त्याच दिवशी पनिहारला दुसरी लढाई झाली, तिथेही शिंद्यांची फौज हरली.

मग इंग्रजांनी काय केलं? शिंद्यांच्या ज्या तोफा हाती लागल्या, त्यांच्या धातूपासून पदकं पाडली. 'ग्वाल्हेर स्टार' म्हणतात ते हे. ३९ व्या पलटणीतल्या शिपायांच्या छातीवर जो तारा होता, तो महाराजपूरच्या तोफेचा तुकडा होता. अशी पदकं आज लिलावात विकली जातात. वाचताना जीव कळवळतो.

या लढाईनंतर झालेल्या तहाने शिंद्यांची स्वतःची फौज ९,००० वर आणली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली १०,००० ची 'ग्वाल्हेर कंटिंजंट' उभी केली. हीच कंटिंजंट १८५७ मध्ये उठली आणि तात्या टोप्यांबरोबर कानपूरवर चालून गेली.

आता परत १९१४. फाओनंतर सैहान, साहिल, आणि नोव्हेंबर सरता सरता बसरा. साहिलला पाऊस पडून जमिनीचा नुसता चिखल झाला होता, आडोसा कुठेच नाही, आणि डॉर्सेट्सची बरीच माणसं तिथे पडली. एप्रिल १९१५ मध्ये शैबा. १४ एप्रिलला बर्जिसियाच्या झाडीपुढे दिवसभर उन्हात लढाई तटून राहिली. पाणी संपलेलं. दुपारनंतर डॉर्सेट्स आणि ११७ वी मराठा उठल्या आणि संगिनी लावून चालून गेल्या. तुर्कांची फळी फुटली. तुर्की सेनापती सुलेमान अस्करीने त्या पराभवानंतर स्वतःला गोळी घालून घेतली.

त्यानंतर जनरल टाउनशेंडच्या हाताखाली तैग्रिसच्या काठाकाठाने वर. २२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफॉन. ससानी बादशहांच्या राजवाड्याची ती प्रचंड कमान, ताक कसरा, तिच्या सावलीत ही लढाई झाली. बगदाद अगदी टप्प्यात होतं. पण टाउनशेंडची साडेचार हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि डिव्हिजन मागे फिरली ती कूत अल अमारापर्यंत. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा आवळला. जवळजवळ पाच महिने. सोडवायला येणाऱ्या फौजेने २३,००० माणसं गमावली तरी तिला कूतपर्यंत पोचता आलं नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शस्त्रं खाली ठेवली.

डॉर्सेटचे सुमारे ३५० शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांतले परत आले साधारण ७०.

डॉर्सेटच्या त्या लहान गावांमध्ये ही बातमी कशी पोचली असेल? आधी पत्रं थांबली असतील. मग पोस्टाच्या माणसाची वाट बघणं, मग 'बेपत्ता', आणि मग युद्ध संपल्यावर कधीतरी एक कागद. आणि त्याच वेळी रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडच्या घरांमध्ये? तिथे कागद तरी आला का?

जाणकारांनी भर घालावी.

---

दिवेआगर

फार छान लिहिलंय, एका दमात वाचलं. ५४ व्या पलटणीवर तुम्ही एकच ओळ खर्च केलीत, म्हणून तिची बाजू मी मांडते.

१८५७ च्या उठावाची बातमी गेल्यावर ५४ व्या पलटणीला घाईने हिंदुस्थानला धाडलं. जहाजाचं नाव 'सारा सँड्स', लोखंडी बांध्याची आगबोट. ११ नोव्हेंबर १८५७ रोजी, मॉरिशस शेकडो मैल दूर असताना, भर समुद्रात जहाजाच्या मागच्या भागाला आग लागली. आणि तिथेच दारूगोळ्याचं कोठार! शिपायांनी धुरात शिरून दारूची पिंपं एकेक करून वर काढली आणि समुद्रात टाकली. सगळी निघाली नाहीत. उरलेल्यांचा स्फोट होऊन जहाजाची मागची बाजू फाटली. बायकामुलांना होड्यांत बसवून आधीच दूर नेलं होतं. रात्रभर आगीशी झुंज चालली, दुसऱ्या दिवशी पाणी उपसणं, आणि ते अर्धं जळालेलं जहाज कप्तान कॅसलने दहा दिवसांत मॉरिशसला पोचवलं. पलटणीची निशाणंही शिपायांनी आगीतून बाहेर काढली होती. ती पलटण इथे कशासाठी येत होती हे आपल्याला माहीत आहे. तरीसुद्धा जळत्या जहाजात दारूचं पिंप खांद्यावर घेणाऱ्या त्या पोरांच्या धैर्याला मी मान देते.

५४ व्या पलटणीत अठराव्या शतकाच्या शेवटी एक सार्जंट मेजर होता, विल्यम कॉबेट. शेतकऱ्याचा मुलगा. शिपायांचा पगार आणि रसद अधिकारी कसे खातात हे त्याने पाहिलं आणि नोकरी सोडल्यावर त्यांच्यावर उघड आरोप केले. उलट त्यालाच देश सोडून पळावं लागलं. पुढे तो इंग्लंडमधला मोठा पत्रकार आणि गरिबांचा कैवारी झाला. रेजिमेंटच्या इतिहासात मला लढायांपेक्षा अशी माणसं शोधायला आवडतात.

---

नीरेकाठ

वाचतोय. ३९ व्या पलटणीचा आणखी एक माणूस: कॅप्टन चार्ल्स स्टर्ट. १८२५ नंतर काही वर्षं ही पलटण ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला होती, कैद्यांच्या वसाहतीवर पहारा ठेवायला. स्टर्टने तिथून १८२९-३० मध्ये होडीतून मरे नदीचा माग समुद्रापर्यंत काढला. तीच पलटण तिथून हिंदुस्थानात आली, १८३४ मध्ये कूर्गच्या मोहिमेत होती आणि मग महाराजपूरला. एका शिपायाच्या नोकरीच्या काळात किती भूगोल बसायचा बघा.

---

जुनी पेठ

लेखनाला दाद, पण मनात आलेलं बोलतो, राग मानू नका. प्लासीला जी पलटण उभी होती, शिंद्यांच्या तोफा वितळवून ज्यांनी पदकं मिरवली, त्यांच्यासाठी आपण मराठीत का हळहळायचं? आपल्या पलटणींचा इतिहास आपणच धड लिहिलेला नाही. ११७ व्या मराठातल्या किती शिपायांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? आधी ते करू, मग डॉर्सेटचं बघू.

---

घाटमाथा

जुनी पेठ, राग कसला? हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

माझं म्हणणं असं. महाराजपूरला मी कोणाच्या बाजूने आहे हे लेखात लपलेलं नाही. पण ११७ व्या मराठाचा इतिहास लिहायला बसलो की पहिली अडचण येते ती कागदांची. आपल्या शिपायांनी डायऱ्या लिहिल्या नाहीत. लिहिल्या असतील तर माळ्यावर वाळवीने खाल्ल्या. डॉर्सेटच्या बटालियनची युद्धदैनंदिनी आहे, पत्रं आहेत, कैदेतून परतलेल्यांच्या आठवणी आहेत. दोन्ही पलटणी एकाच ब्रिगेडमध्ये होत्या, एकाच दिवशी एकाच झाडीवर चालून गेल्या, एकाच वेढ्यात उपाशी राहिल्या. आपल्या माणसांनी त्या दिवशी काय सोसलं, हे शेजारच्या खंदकातल्या माणसाच्या वहीतून कळतं. मी डॉर्सेटकडे वळलो तो त्या वाटेने.

आणि दुसरं. १८४३ चा शिपाई आणि १९१४ चा शिपाई या दोघांनाही विचारून कोणी युद्ध केलं नव्हतं. डॉर्सेटचा मेंढपाळाचा मुलगा आणि माणदेशातला मेंढपाळाचा मुलगा कूतमध्ये एकाच नदीचं गढूळ पाणी प्यायले. त्यांच्याबद्दल हळहळायला मला परवानगी लागत नाही. राज्यकर्त्यांचा हिशेब वेगळा मांडू, तो मांडलाच पाहिजे.

---

कृष्णाकाठ

कूतच्या उपासमारीबद्दल थोडी भर.

धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं मारायला सुरुवात झाली. गोऱ्या पलटणींनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी फार मोठ्या संख्येने नकार दिला. त्यांना वाटायचं, गावी कळलं तर जातीबाहेर काढतील, पोरींची लग्नं व्हायची नाहीत. टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले, तरी बराच काळ लोक तयार नव्हते. एप्रिल उजाडल्यावर, अंगात उभं राहायचं बळ उरलं नाही तेव्हा, हळूहळू खायला लागले. तोवर ताजा भाजीपाला न मिळाल्याने होणाऱ्या स्कर्वी रोगाने शेकडो आजारी पडले होते. भाजी नाही, म्हणून नदीकाठचं गवत आणि रानपाला उकडून खात. पीठ दळायला जात्याचे दगडसुद्धा विमानातून टाकले होते. वेढ्यात अडकलेल्या फौजेला विमानाने रसद टाकण्याचा हा अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक, पण तेव्हाच्या विमानांची ताकद ती किती! अर्ध्या गोण्या नदीत नाहीतर तुर्कांच्या हद्दीत पडायच्या.

शरणागतीनंतर अधिकारी आणि शिपाई वेगळे केले. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर चांगल्या बंगल्यात राहिला. शिपायांना उन्हाळ्यात वाळवंटातून चालवत नेलं, मोसूल, मग रास अल ऐन, मग तोरोसच्या डोंगरात रेल्वेच्या बोगद्यांवर मजुरीला. जे मागे पडले ते मागेच राहिले. गोऱ्या शिपायांपैकी साधारण दर दहांमधले सात कैदेत मेले. हिंदी शिपायांचं प्रमाण त्यापेक्षा कमी, पण संख्या दोन-अडीच हजारांच्या वर. सेनापतीने आपल्या माणसांची नंतर साधी चौकशीसुद्धा नेटाने केली नाही, याबद्दल मला त्याला क्षमा करता येत नाही.

---

विलायतवासी

मी इंग्लंडच्या दक्षिण भागात राहतो. डॉर्चेस्टरचं 'कीप' पाहिलेलं आहे. वरच्या गच्चीवरून पूर्ण गाव आणि आजूबाजूची हिरवी टेकाडं दिसतात. हिरव्यावरून आठवलं: ३९ व्या पलटणीच्या अंगरख्याची कॉलर आणि बाह्यांची पट्टी हिरवी होती, १८८१ मध्ये सरकारने सगळ्यांना पांढरी केली आणि रेजिमेंटने आपला हिरवा रंग १९०४ मध्ये परत मिळवला.

इथल्या गावागावांत चर्चपाशी दगडी क्रूस असतो, त्यावर त्या गावच्या मेलेल्यांची नावं. डॉर्सेटमध्ये ते वाचताना एकाच आडनावाची दोन-तीन नावं एकाखाली एक दिसतात. भाऊ असणार, नाहीतर चुलतभाऊ. लेखकाने म्हटलंय ना, नातं नंतर जुळलं, ते या क्रूसांसमोर पटतं.

पहिल्या बटालियनबद्दल इथे जास्त बोललं जातं. ती फ्रान्स आणि बेल्जियमला होती. १ मे १९१५ रोजी ईप्रजवळच्या हिल ६० वर जर्मनांनी तिच्यावर विषारी वायू सोडला. मुखवटे धड नव्हते, तोंडाला ओला फडका बांधायचा एवढंच. खंदकात जागच्या जागी सुमारे ९० जण गुदमरून मेले, आणखी कितीतरी मागे दवाखान्यात. केस्टेल-कॉर्निश नावाचा एक तरुण अधिकारी आणि मूठभर शिपाई त्या ढगात बंदुका झाडत राहिले, म्हणून टेकडी त्या रात्री टिकली.

---

कृष्णाकाठ

विलायतवासी, तुम्ही क्रूसांवरच्या नावांचं लिहिलंत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

बसऱ्याला मेसोपोटेमियाच्या मोहिमेचं स्मारक आहे, ज्यांची कबर सापडली नाही त्यांच्यासाठी. चाळीस हजारांहून जास्त माणसं तिथे स्मरली आहेत. डॉर्सेटच्या शिपायाचं नाव तिथल्या भिंतीवर अक्षरात कोरलं गेलं. ११७ व्या मराठाच्या शिपायाचं नाही. हिंदी पलटणींचे अधिकारी नावानिशी, आणि बाकीचे फक्त आकड्याने: अमुक पलटण, आणखी इतके. एका ब्रिगेडमध्ये, एका झाडीवर, एका दिवशी मेलेली माणसं. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. नावं नोंदवह्यांत होती. भिंतीवर चढवली नव्हती.

आमच्या साताऱ्याकडे काही गावांत संगमरवरी पाट्या आहेत, 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके मेले'. तिथेही आकडाच. अपशिंग्यासारखं गाव आपल्या शिपायांची आठवण मानाने ठेवतं, म्हणून लोकांना माहीत तरी आहे. बाकी ठिकाणी पाटीवर चुना फासलेला असतो.

---

जुनी पेठ

कृष्णाकाठ, हे मला माहीत नव्हतं. आकड्याने! अंगावर काटा आला. घाटमाथा, तुम्ही म्हणता ते या एका गोष्टीमुळे मला पटलं. शेजारच्या पलटणीचं नाव भिंतीवर आहे हे कळल्याशिवाय आपलं नाही हे कळत नाही.

---

सागरगोटा

धागा कूतपाशी थांबू नये म्हणून कोहिमाचं सांगतो, माझा आवडता विषय.

१९४२ पासून ब्रिटिश दुसरी डिव्हिजन हिंदुस्थानात होती. तिच्यात डॉर्सेटची दुसरी बटालियन, म्हणजे कूतला संपून परत उभी केलेली तीच. नगर आणि बेळगाव भागात या डिव्हिजनचा सराव चालायचा. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं घर. वसंतात जपान्यांनी नागा टेकड्यांवर चाल केली आणि एप्रिल १९४४ मध्ये डिव्हिजन घाईघाईने दिमापूरला नेली.

त्याआधी काय घडलं ते बघा. कोहिमावर येणाऱ्या जपानी ३१ व्या डिव्हिजनची एक वाट उखरूल-सांगशाकवरून होती. तिथे २२ ते २६ मार्च पन्नासावी हिंदी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्याबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन उभी होती. तारेचं कुंपण नाही, पाणी नाही, विमानातून टाकलेली रसद शत्रूच्या हाती पडतेय. शेवटी त्यांना रात्री फुटून निघावं लागलं, पण जपानी जनरल मियाझाकीच्या माणसांचे मोलाचे दिवस तिथे गेले. ते दिवस कोहिमाला मिळाले.

कोहिमाला डेप्युटी कमिशनर चार्ल्स पॉसी यांचा बंगला डोंगराच्या सोंडेवर होता, आणि बंगल्याचं टेनिस कोर्ट. आधी रॉयल वेस्ट केंट, आसाम रेजिमेंट, आसाम रायफल्स यांनी २० एप्रिलपर्यंत वेढा सोसला. त्यानंतर बंगल्याची सोंड डॉर्सेट्सच्या वाट्याला आली. एका कडेला ते, दुसऱ्या कडेला जपानी, मध्ये टेनिस कोर्टाची रुंदी. हातबॉम्ब सहज पोचतो एवढंच अंतर. डोकं वर काढलं की गोळी. पाऊस, चिखल आणि मेलेल्यांचा वास. उतारावर एकाखाली एक पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीच्या पोटात जपानी बंकर, त्यामुळे तोफांचा उपयोग होईना. शेवटी १३ मे रोजी एक रणगाडा कसाबसा त्या सोंडेवर चढवून थेट कोर्टावर उतरवला, त्याने अगदी जवळून बंकरांच्या तोंडांत गोळे घातले आणि मागून डॉर्सेट्स घुसले. तेव्हा ती सोंड मोकळी झाली.

आज तिथे युद्धस्मशानभूमी आहे. टेनिस कोर्टाच्या रेषा सिमेंटने आखून ठेवल्या आहेत. वर एक स्मारक आहे, तिथे अग्नी दिलेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नोंद आहे.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये जपानच्या ताब्यासाठी जी ब्रिटिश-हिंदी डिव्हिजन गेली, तिच्यात डॉर्सेट्सची हीच बटालियन होती आणि पाचव्या मराठाची पहिली बटालियनही. फाओपासून बत्तीस वर्षांनी पुन्हा एकाच डिव्हिजनमध्ये.

---

नीरेकाठ

सागरगोटा, जबरदस्त. याच रेजिमेंटची पहिली बटालियन ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या गोल्ड किनाऱ्यावर उतरली, कोहिमानंतर महिन्याभरातच. चौथी बटालियन सप्टेंबरात आर्नहेमला. वेढ्यात सापडलेल्या छत्रीधारी सैनिकांना आधार द्यायला तिचे तीनशेच्या आसपास लोक रात्री होड्यांतून ऱ्हाइन नदी ओलांडून गेले आणि बहुतेक पकडले गेले. आतले सैनिक निसटले.

रेजिमेंटचं पुढे काय झालं?

---

विलायतवासी

१९५८ मध्ये शेजारच्या डेव्हनशायर रेजिमेंटमध्ये मिसळली, 'डेव्हनशायर अँड डॉर्सेट' झाली. २००७ मध्ये तीही 'द रायफल्स' या मोठ्या रेजिमेंटमध्ये गेली. आता ब्रिटिश फौजेत डॉर्सेट नावाची नियमित पायदळ पलटण नाही. इथल्या जुन्या लोकांना ते लागलेलं आहे. खर्च वाचवायचं कारण सांगितलं गेलं, पण जिल्ह्याचं नाव पुसलं गेलं असंच ते म्हणतात. मला त्यांचं दुःख कळतं. सैन्यभरतीत आपल्या भागाचं नाव असणं ही छोटी गोष्ट नव्हे.

---

दिवेआगर

आणि ११७ व्या मराठाला युद्धानंतर 'रॉयल' हा किताब मिळाला, १९२२ च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी 'रॉयल' बटालियन झाली. मराठा लाइट इन्फंट्री आज आहे, बेळगावात तिचं केंद्र आहे, आणि शैबा, टेसिफॉन, कूत ही नावं तिच्या मानचिन्हांत आहेत. जुनी गोरी पलटण संपली, शेजारची उरली.

एक विचारायचं होतं. माझ्या आजोळच्या घरात पणजोबा 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' एवढंच सांगतात. ११७ वी की ११० वी, तेही नक्की नाही. शोधायला कुठून सुरुवात करू?

---

घाटमाथा

ताई, राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो. तिथे नोंदवह्यांतली हिंदी शिपायांची नावं चढवलेली आहेत. नावाने शोधू नका, कारण तेव्हाच्या कारकुनांनी नावं ऐकू आली तशी इंग्रजीत लिहिली आहेत. एकच नाव तीन तऱ्हांनी सापडतं, आणि आडनाव बहुतेक वेळा वेगळंच. पलटण निवडा, स्मारक म्हणून बसरा निवडा, वर्ष १९१५ आणि १९१६. काही नोंदींत बापाचं नाव, गाव आणि तालुकाही दिलेला असतो. तिथून ओळख पटते. ११७ व्या पलटणीत नाही सापडलं तर ११० वी आणि १०३ वी बघा, त्या दोन्हीही कूतमध्ये होत्या. घरात जुनं पेन्शनचं पुस्तक किंवा पदक असेल तर पदकाची कड भिंगाने बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कडेला कोरलेली असते.

आजोळच्या गावाचं आणि तालुक्याचं नाव मला निरोपातून कळवा. मी ११७ व्या पलटणीची यादी गावांप्रमाणे लावतोय, त्यात बघून सांगतो.

---

कृष्णाकाठ

सातारा जिल्ह्यातल्या नोंदी मी तपासून देतो. घाटमाथा, यादी पाठवा. खटाव आणि माण हे तालुके माझ्याकडे.

---

जुनी पेठ

मला कोल्हापूरकडचे द्या.